सोडायचा सराव

अण्णा माणसांना पायांवरून ओळखत. बंगळूरच्या मारतहळ्ळीतल्या आमच्या ऑफिसात ते ट्रान्स्पोर्ट डेस्कवर होते. कुणाची कॅब कुठल्या गेटला लागली, कोण उतरलं, कोण राहिलं, हे बघायचं त्यांचं काम. रोज तीनेकशे माणसं त्यांच्यासमोरून जात-येत. त्यांतल्या थोड्यांचीच नावं त्यांना ठाऊक होती, पण बूट-चपला सगळ्यांच्या पाठ होत्या. "निळ्या नाडीवाले साहेब यायचे हायेत, स्वल्प थांब," असं ते ड्रायव्हरला सांगत आणि कॅब थांबे.

मला त्यांनी पहिली हाक मारली तीही अशीच. मी नोकरीला लागून सहा महिने झाले होते आणि कामाव्यतिरिक्त कुणाशी फारसं बोलले नव्हते. लिफ्टच्या दाराशी उभी होते. मागून आवाज आला.

"म्याडम, उजव्या बुटाची टाच आतनं झिजलीया. असंच चालत ऱ्हायला तर गुडघा धरंल."

मी वळून पाहिलं तर ते माझ्या बुटाकडेच बघत होते. ऑफिसात मराठी ऐकायची सवय नसल्यानं माझ्या तोंडून इंग्रजीतच आभार गेले.

"मराठीच न्हवं तुम्ही?"

"हो. कशावरून?"

"जिन्यात आईसंगं फोनवर बोलता की. लिफ्टात वळखीचं कोन असलं की तुम्ही जिन्यानं जाता."

हे खरं होतं. सहा महिन्यांत ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही, असं मी धरून चालले होते.

मग कळलं की हा माणूस आठ हंगाम व्यावसायिक कबड्डी लीगमध्ये खेळलेला होता. गाव निपाणीकडचं, घरी मराठी, शाळेत कन्नड. तीन संघ बदलले, पण जागा एकच, उजवा कोपरा. चढाई करणारा आत शिरला की मधले खेळाडू त्याला खेळवतात आणि कोपऱ्यातला माणूस थांबून राहतो. पाय हाताशी आला की घोटा धरायचा. एवढंच काम, आणि त्यात अर्ध्या सेकंदाची चूक चालत नाही. अण्णांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं एकमेकांना चिकटून वाकलेली होती. कुणी विचारलं तर, "ही दोन बोटं अजून कुणाचा तरी पाय धरून बसल्यात," म्हणायचे.

कोपरा त्यांच्या अंगात भिनला होता. कँटीनमध्ये उजव्या कोपऱ्यातली खुर्ची त्यांची. भिंत पाठीशी हवी, पण पाठ टेकवायची नाही. मागे अंतिम रेषा असते, टाच बाहेर गेली की बाद. लिफ्टमध्येही ते तसेच उभे राहत, भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून, आणि दार उघडलं की सगळ्यांचे पाय बाहेर पडेपर्यंत हलत नसत.

डेस्कवरच्या काचेखाली वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. फोटोत हवेत तिरपा झालेला एक चढाईपटू, आणि खाली फ्रेमच्या कडेला त्याच्या घोट्याभोवती एक हात. मनगटाच्या पुढचा माणूस कापला गेला होता. फोटोखालच्या ओळीत नाव चढाईपटूचंच होतं.

"ह्यो मी," अण्णा त्या हातावर बोट ठेवून सांगत. सांगताना तक्रारीचा सूर नसे.

*

आमचे एक मोठे साहेब होते. कार्ड दाखवणं त्यांना कमीपणाचं वाटे. प्रवेशाच्या आडव्या दांडीवरून ते रुबाबात टांग टाकून जात आणि सुरक्षारक्षक दुसरीकडे बघत. एका सकाळी अण्णा तिथेच खाली वाकून पडलेलं पेन शोधत होते. साहेबांनी टांग टाकली. पहिला पाय पलीकडे गेला, दुसऱ्याची टाच अण्णांच्या नाकासमोर आली, आणि अण्णांनी दोन्ही हातांनी घोटा धरला.

साहेब कॉफीसकट पायपुसण्यावर आडवे झाले. एका ड्रायव्हरनं टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. अण्णा मात्र घोटा न सोडता इकडेतिकडे बघत होते.

"काय बघत होता?" मी नंतर विचारलं.

"बाकीचे सहाजण कुठं हायत म्हणून. धरल्यावर येत्यात की अंगावर. सवय."

एचआरनं लेखी माफीनामा मागितला, इंग्रजीत. अण्णा कोरा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि विशेषणं न लावता लिहून काढायच्या, हे माझं काम. "तुमचं कामच चुका लिवायचं न्हवं?" ते म्हणाले. मी लिहून दिलं की वर्षानुवर्षांच्या सवयीमुळे हे आपोआप घडलं, हेतू नव्हता. त्यांनी ते मराठीत सांगायला लावलं.

"आपोआप नको. हात माझा हाय. चूक झाली म्हणून लिवा."

"अण्णा, तसं लिहिलं तर नोकरी जाईल."

"आपोआप होतंय म्हटलं तर उद्याबी होईल असा अर्थ निघतोय न्हवं? मग कोन ठेवंल?"

मी चूक म्हणून लिहिलं. नोकरी राहिली. साहेब त्या दिवसापासून कार्ड दाखवू लागले, तेही डेस्कपासून दहा पावलांवरूनच, हात उंच करून.

*

त्या पत्रामुळे त्यांनी मला त्यांचा खेळ जिथे थांबला ती मॅच सांगितली. कँटीनचा उजवा कोपरा, डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला होता.

"सेमीफायनल. एका पॉइंटनं आमी वर. शेवटची चढाई. आमास्नी कायबी करायचं नव्हतं. मागं सरून उभं ऱ्हायचं, तीस सेकंद, बास. ल्हान पोरबी करंल."

"मग?"

"मी मोजालोय मनात. सव्वीसला तो वळला. पाठ फिरवली. टाच मागं ऱ्हायली." त्यांनी तुकडा डब्यात परत ठेवला. "ऱ्हायली नव्हती. त्येनं ठिवली हुती. माझ्यासाठीच."

अण्णांनी घोटा धरला. मदतीला शेजारचा गडी अंगावर आला. चढाईपटूनं त्या दोघांना ओढत नेलं आणि मध्यरेषेला एक बोट टेकवलं. दोघे बाद, दोन पॉइंट, एकानं हार. त्या ढिगाखाली अण्णांचा उजवा गुडघा उलटा फिरला होता, पण ते त्यांना फलक बघून झाल्यावर समजलं.

मग ऑपरेशन. दोन वर्षं. पुढच्या दोन्ही लिलावांत त्यांना कुठल्याच संघानं घेतलं नाही.

"गुडघ्यामुळं घेतलं न्हाई म्हणत्यात लोक. गुडघं बरं हुतंय ओ. ह्या हाताचा भरवसा कुणाला?"

त्यांना परत खेळायचं होतं. हे ते कुणाला पटवून देत नसत, फक्त सांगत. तीन महिन्यांनी एका संघाची निवड चाचणी बंगळूरलाच होती. त्यांचं वय चौतीस होतं आणि फॉर्मवर त्यांनी चौतीसच लिहिलं होतं. ह्या खेळात चौतिशीनंतर पुढच्या वर्षीचा भरवसा कुणी देत नाही. जे काय व्हायचं ते ह्याच चाचणीत.

"तुमच्या फोनात हळू दिसतंय न्हवं शूटिंग?" त्यांनी विचारलं. "हात कवा जातोय ते मला बघायचं हाय. ड्रायव्हर पोरं शूटिंग करताना वरडत्यात. तुम्ही गप ऱ्हाता."

*

म्हणून तीन महिने मी दर शनिवारी सकाळी दोन बस बदलून आनेकलला गेले. तिथल्या कारखान्यांत काम करणारे आठ-दहा जण एका शाळेमागच्या पटांगणावर जुन्या मॅट अंथरून खेळत. शेजारी भाजीचा आडत बाजार, त्यामुळे मला बसायला टोमॅटोचं रिकामं क्रेट मिळे. मी कुणाशी बोलत नसे आणि कुणी आग्रहही करत नसे. ते सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे. अण्णांना 'अज्जा' म्हणत. "अज्जा, ऊठ, चहा घे, औषध घे," असं चाले. अण्णा उठत, अज्जा म्हणणाऱ्यालाच पुढची चढाई करायला लावत आणि त्याला मॅटवर झोपवून म्हणत, "हां, आता बोल."

घरी येऊन मी व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघायची. तक्ता केला होता. चढाईपटू कुठे होता, त्याचा कोणता पाय पुढे होता, अण्णांचा हात कधी सुटला. पाचव्या शनिवारपर्यंत मला जे दिसलं ते मी दोनदा तपासलं, कारण ते मला त्यांना सांगायचं नव्हतं.

बसस्टॉपवर सांगितलं.

"अण्णा, आत येणाऱ्याला तुम्ही हात लावत नाही. तो कितीही जवळ आला तरी थांबता. हात बरोबर वेळेला जातो."

"मग?"

"पण जो पाठ फिरवतो, त्याला तुम्हाला सोडवत नाही. तिथे दर वेळी आधी जाता. धरायची गरज नसली तरी."

बस आली. मी चढले, ते चढले नाहीत. सबंध रस्ताभर मी माफीचे मेसेज लिहिले आणि खोडले. आठ हंगाम खेळलेल्या माणसाला क्रेटवर बसून शिकवायला मी कोण होते?

सोमवारी मी मागच्या गेटनं आत जाणार होते, पण ते मागच्याच गेटला उभे होते. बहुधा तेही त्यांना माझ्या पायांवरून कळलं असावं.

"अक्का," ते म्हणाले. तोवर मी 'म्याडम' होते आणि वयानं त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. "बरूबर हाय तुमचं. रविवारी आईला फोन केलता. म्हटलं, ल्हानपनी मी कसा हुतो? हसाय लागली. म्हणाली, पावना जायला निघाला की तू उंबऱ्यात आडवा पडायचास. मामाच्या तर पायालाच मिठी. मामाची गाडी चुकायची. सगळी हसायची म्हणून आनि घट धरायचास." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "कोच म्हणायचे, कंबर बघ, कंबरेला लबाडी येत न्हाई. मी टाचच बघत आलो."

"मग आता?"

"आता सोडायला शिकायचं. सात आठवडं हायत."

पुढच्या शनिवारी ते मॅटवर उतरले ते दोन्ही हातांत एकेक पिकलेला टोमॅटो घेऊन. नियम असा, की समोरच्यानं आत यायचं, फिरायचं आणि पाठ दाखवून निघून जायचं. हात गेला की मूठ आवळते. मूठ आवळली की टोमॅटो फुटतो. पहिल्या दिवशी एक क्रेट संपलं. अण्णांच्या बनियनवर, मॅटवर, माझ्या फोनवरही बिया. आडत्याला वाटलं हा माणूस वेडा आहे, पण मऊ पडलेला माल काढून ठेवायला लागला. पोरं मुद्दाम टाच नाचवत परत जायची. "अज्जा, घे की, तुझ्यासाठीच आणलीय." फट. सगळे हसायचे, अण्णा दुसरा टोमॅटो उचलायचे. त्या महिनाभर त्या पोरांच्या खोलीवर दोन वेळा टोमॅटोचं सारच होतं म्हणे.

आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी त्यांनी ऑफिस वापरलं. संध्याकाळी सहाला सगळे घरी निघत तेव्हा ते बाहेरच्या दाराशी कडेला उभे राहत, हात पाठीमागे बांधून, नजर खाली. तीनशे माणसं पाठ फिरवून त्यांच्यासमोरून निघून जायची. मोठे साहेबही. कुणाला वाटायचं शिक्षा झालीय, कुणाला वाटायचं नवा शिष्टाचार आहे. एकदोघे वाकून नमस्कारही करू लागले.

"काय करताय अण्णा?" मी एकदा जाता जाता विचारलं.

"सराव. जावा तुम्ही. थांबू नका, जावा."

मी गेले. वळून पाहावंसं वाटलं, पण पाहिलं नाही. त्यांचं मनातलं तीस सेकंदांचं मोजणं चुकलं असतं.

सहाव्या आठवड्यात दोन टोमॅटो सकाळभर टिकले. अण्णांनी ते धुतले, एक मला दिला आणि एक मीठ लावून स्वतः खाल्ला.

*

चाचणीच्या दिवशी मी रजा घेतली. हॉलच्या गॅलरीत एकटी बसले. खाली साठेक खेळाडू, बहुतेक विशीतले, पाठीवर नंबरांचे कागद. अण्णांच्या गुडघ्याला पट्टा होता आणि त्यांनी तो झाकला नव्हता. साध्या सामन्यात त्यांनी दोन स्वच्छ पकडी केल्या. एकदा उशीर झाला, गुडघा वेळेवर वळला नाही, तेही सगळ्यांना दिसलं.

मग कोचनं शिट्टी मारून खेळ थांबवला. सडसडीत, पांढऱ्या मिशांचा माणूस. ती सेमीफायनल त्यांनी पाहिली असणार, कारण त्यांनी अण्णांकडे बघूनच हिंदीत सांगितलं, "एक पॉइंट आगे हो। आख़िरी रेड।" कुणीतरी हसलं. गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

पाच जणांनी पाच वेळा ती शेवटची चढाई केली. चार वेळा अण्णा मागे सरले, चढाईपटू रिकामा परत गेला. पाचवा मुलगा हुशार होता. पंचविसाव्या सेकंदाला तो वळला, एक पाऊल टाकलं आणि मागचा पाय जागेवरच ठेवला. टाच वर, अण्णांच्या हातापासून वीतभर. मी गॅलरीत स्वतःच्या मुठी बघितल्या. त्या आवळल्या होत्या. अण्णांच्या उघड्या होत्या, तळवे वर, जणू दोन्हींत काहीतरी पिकलेलं होतं.

मुलगा परत गेला. शिट्टी झाली.

"घुटना?" कोचनं विचारलं.

"चलता है, सर। कभी-कभी देर से।"

"और हाथ?"

"सिखा रहा हूँ, सर।"

कोचनं वहीत काहीतरी लिहिलं आणि दुसऱ्या गटाला बोलावलं.

आठ दिवसांनी यादी आली. अण्णांचं नाव शेवटचं होतं, राखीव कोपरा. त्यांनी मला राजीनाम्याच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहायला सांगितला, 'खेळणे'. ड्रायव्हरांना म्हैसूरपाक वाटला. काचेखालचं कात्रण डेस्कवर तसंच राहू दिलं. मला बुटात घालायचा एक मऊ तळ दिला, फक्त उजव्या पायाचा.

"डावा बरा हाय तुमचा," म्हणाले.

*

हंगाम सुरू झाला. अण्णा बाकावरच बसून असत. टीव्हीवर कधीतरी बाकाच्या टोकाचे दोन गुडघे दिसत, एकाला पट्टा. कँटीनमधला टीव्ही ड्रायव्हरांच्या ताब्यात होता, त्यामुळे संध्याकाळी मी त्यांच्यामागच्या टेबलाशी बसायला लागले. त्यांनी मला चहा विचारला. मी घेतला.

हंगाम संपत आला असताना एका सामन्यात त्यांच्या संघाचा उजवा कोपरा खांदा धरून बाहेर गेला. शेवटचं मिनिट. अण्णा आत आले. ड्रायव्हरांनी टेबलं बडवली. संघ एका पॉइंटनं पुढे होता, आणि समोरून शेवटची चढाई येत होती.

कॅमेरा चढाईपटूच्या चेहऱ्यावर होता. तो डावीकडे गेला, मध्ये आला, मग सरळ अण्णांच्या कोपऱ्यात. तेवढ्यात चित्र थोडं मोठं झालं आणि कडेला अण्णा दिसले. हात पाठीमागे बांधलेले.

"याक अण्णा, याक?" का, का, असं कन्नडमध्ये विचारत एक ड्रायव्हर उठून उभाच राहिला. दुसरा हिंदीत म्हणाला, "पकड़ना यार, क्या कर रहा है।"

चढाईपटूनं पाय फेकला, अण्णा मागे सरले. अंतिम रेषा त्यांच्या टाचेपासून बोटभर राहिली असेल. पुन्हा पाय आला, पुन्हा पोट आत. मग तो वळला. पाठ फिरवली आणि कॅमेरा परत त्याच्या चेहऱ्यावर गेला. मला टाच दिसेना, अण्णा दिसेनात.

"सोडा," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असणार, कारण सगळ्या ड्रायव्हरांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

भोंगा वाजला. फलक बदलला नाही.

समालोचक त्या चढाईपटूबद्दल बोलत राहिले, की त्यानं धाडस केलं नाही, वेळ घालवला. सामन्याच्या शेवटी आलेल्या तक्त्यात अण्णांच्या नावापुढे पकडी शून्य, गुण शून्य.

सकाळी मी लिफ्टमध्ये होते, ओळखीची चार माणसं होती, तेव्हा त्यांचा फोन आला. मी उचलला.

"अक्का, बघितलासा?"

"बघितलं."

"पेपरात काय आलंय?"

येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून मी पेपर घेतला होता. लिफ्टमध्येच उघडला. "चढाईपटूचा फोटो आहे. मान खाली घालून परत चाललाय."

"आनि मी?"

मी पान डोळ्यांजवळ नेलं. मागे, उजव्या कोपऱ्यात, पुसटसा एक माणूस उभा होता.

"आहात. पूर्ण आहात. फक्त हात दिसत नाहीत."

लिफ्टचं दार उघडलं, माणसं बाहेर पडली.

"सरी, बरं," अण्णा म्हणाले. "तेवढं कापा, आनि डेस्कच्या काचंखाली लावा. त्या हाताच्या शेजारी."